कुऱ्हाडीचं वय गंजाला विचारू नका

पत्र

नमस्कार. झाड लावायला खड्डा खणताना साधारण दीड फुटावर टिकाव कशावर तरी खणकन आदळला. बाहेर काढलं तर गंजलेलं कुऱ्हाडीचं पातं. दांडा नाही. लांबी 17 सेंटिमीटर, धारेची रुंदी 10, वजन 1 किलो 150 ग्रॅम. वरची कड सरळ आहे, खालची मात्र दाढीसारखी खाली उतरली आहे. मागचा भाग ठोकून ठोकून पसरल्यासारखा दिसतो. धारेपासून दोन बोटं आत एक अंधूक रेघ आहे. डाव्या बाजूवरचा एक खळगा मला अक्षरासारखा वाटतो.

भाच्याने स्क्रूड्रायव्हरने भोकातली माती टोकरून काढली, इंटरनेटवरची चित्रं बघितली आणि ही व्हायकिंगांची, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लढवय्यांची, लढाईची कुऱ्हाड आहे असं जाहीर करून टाकलं. शेजारचे काका म्हणतात, एवढा गंज चढायला दोनशे वर्षं तरी लागतात. दिरांचं म्हणणं असं, की रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवू, सकाळी ग्राइंडरवर घासू आणि दांडा घालून वापरायला काढू. मला एवढंच कळून घ्यायचं आहे, की ही कुऱ्हाड किती जुनी आणि कशासाठी केलेली? फोटो सोबत आहेत.

– खड्डा अर्धाच राहिलेली

उत्तर

नमस्कार. पहिलं काम म्हणजे दिरांना थांबवा. व्हिनेगरची बाटली जागेवर ठेवू दे, ग्राइंडरची वायर काढून ठेवा. त्यांचा हेतू वाईट नाही, पण तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आत्ता त्या गंजाच्या थरात आणि त्याच्या लगेच खाली आहेत, आणि व्हिनेगर थर बघून थांबत नाही. हे अनुभवाने सांगतो. माझ्या हाती आलेलं पहिलं जुनं पातं मीच आम्लात रात्रभर ठेवलं होतं. सकाळी लखलखीत निघालं. एका गालावर, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूवर, कारखान्याचा शिक्का होता, त्यातलं दीड अक्षर तेवढं उरलं. ती कुऱ्हाड कोणाची, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता काकांचं गणित. गंजाच्या जाडीवरून वय काढता येत नाही. लोखंड किती वेगाने गंजतं ते ओल, हवा आणि मातीतले क्षार यांवर ठरतं. खारट, मोकळ्या, सतत ओली-कोरडी होणाऱ्या जमिनीत तीस-चाळीस वर्षांत पात्याचे पापुद्रे सुटू शकतात. उलट जिथे पाणी कायम साचलेलं असतं आणि हवा पोचत नाही, अशा घट्ट चिखलात शेकडो वर्षांची हत्यारं धारेसकट मिळालेली आहेत. म्हणजे गंज तुमच्या जमिनीबद्दल सांगतो, कुऱ्हाडीबद्दल फारसं काही नाही.

खोलीचंही तसंच. दीड फूट म्हणजे फार जुनं, असं वाटणं स्वाभाविक आहे. चार्ल्स डार्विनने 1842 मध्ये आपल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले होते आणि 29 वर्षांनी, 1871 मध्ये, तिथे चर खणून बघितला. खडूचा थर सात इंच खाली गेलेला होता. कोणी पुरला नव्हता. गांडुळं खालची माती वर आणून टाकत राहिली आणि खडू आपोआप खाली गेला. त्यात नांगरट, भराव, जुने खड्डे, उपटलेल्या झाडांची भोकं हे सगळं धरलं, तर दीड फुटावर कालची वस्तूही मिळू शकते आणि हजार वर्षांपूर्वीचीही. खोलीपेक्षा सोबतीला काय होतं ते महत्त्वाचं. म्हणून तो खड्डा अर्धाच राहिलाय हे एका अर्थी बरं झालं. बाजूच्या भिंतीत मातीचा रंग कुठे बदलतो, कोळसा, खापर, काच, विटेचा तुकडा दिसतो का, ते बघा आणि फोटो काढून ठेवा. कुऱ्हाडीच्याच पातळीला बाटलीची काच निघाली तर भाच्याचे व्हायकिंग तिथेच संपले.

पण ते तसेही संपणार आहेत, हे त्याला हळूच सांगा. लढाईची कुऱ्हाड म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर अवजड धूड येतं. खरी गोष्ट उलटी आहे. माणूस लाकडापेक्षा मऊ असतो आणि एका जागी उभा राहत नाही, त्यामुळे लढाईच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ आणि हलकं केलेलं असे. व्हायकिंगांच्या रुंद धारेच्या ‘डेन’ कुऱ्हाडींची पाती धारेमागे काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची आहेत. असल्या पात्याने ओंडका फोडायला गेलात तर पातंच वाकेल. तुमचं पातं फोटोत बाजूने पाचरीसारखं दिसतं, धारेकडून मागे जाड जाड होत गेलेलं. हे लाकडाशी भांडायचं हत्यार आहे. दाढीचं म्हणाल, तर खाली उतरलेलं पातं व्हायकिंगांनी वापरलं हे खरं, पण त्यांच्यानंतर अनेक शतकं सुतारांनी आणि लाकूडतोड्यांनीही वापरलं. कमी लोखंडात लांब धार मिळते आणि पात्यामागे हात घालून कुऱ्हाड जवळ धरता येते. सोय असली की आकार टिकतो. म्हणून नुसत्या बाह्याकृतीवरून काळ ठरवणं म्हणजे टोपीवरून माणसाचं वय सांगणं.

मग बघायचं काय? नेढं. ज्याला तुम्ही भोक म्हणालात ते. कुऱ्हाड ओळखणारा माणूस आधी तिथेच डोळा लावतो, कारण धार झिजते, कडा गंजतात, मागचा माथा ठोकून चेपतो, पण नेढ्याच्या आतल्या बाजूला ती कशी घडली याची खूण बऱ्याचदा शाबूत राहते.

तुमच्या दुसऱ्या फोटोत नेढं वरून स्पष्ट दिसतं. मागे गोल आणि पात्याच्या दिशेला निमुळतं, थेंबासारखं. हा थेंब कसा तयार होतो ते सांगतो. लोहार लोखंडाची लांब पट्टी घेतो, मधोमध तापवून ती एका जाड सळईभोवती दुमडतो आणि पट्टीची दोन्ही टोकं एकमेकांवर आणतो. मग ती टोकं पांढरी होईपर्यंत तापवून घणाखाली जोडतो. सळई काढली की नेढं तयार. दुमडलेली पट्टी जिथे मिटते तिथे टोक राहणारच, म्हणून थेंब. त्या टोकाशी, नेढ्याच्या आत, टॉर्च मारून बघा. पात्याच्या दिशेने आत शिरणारी बारीक फट किंवा रेघ दिसली तर पट्टी दुमडून केलेली कुऱ्हाड हे नक्की. याउलट कारखान्यात सलग पोलादाच्या ठोकळ्याला भोक पाडून केलेल्या कुऱ्हाडीचं नेढं बहुतेक लांबट अंड्यासारखं, आतून एकसारखं आणि बिनजोडाचं असतं.

तुमची ती अंधूक रेघ हीच या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ. पोलाद महाग होतं तेव्हा पूर्ण कुऱ्हाड पोलादाची करणं कोणालाच परवडत नसे. अंग साध्या मऊ घडीव लोखंडाचं करायचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी घालायची. एक तर लोखंडाच्या दोन पदरांच्या मधे खुपसून, नाहीतर वरून खोगिरासारखी चढवून. मग फक्त धारेला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम थंड करून ती कडक करायची. मऊ अंग धक्का सोसतं आणि कडक धार कापते. जोडाच्या जागी दोन धातू वेगवेगळ्या गतीने गंजतात, त्यामुळे कित्येक वर्षांनी तो जोड रेघ होऊन वर येतो. रेघ दोन्ही गालांवर एकाच अंतरावर आहे का, आणि अगदी कडेला पोलाद मधल्या थरासारखं दिसतं का, ते बघा. त्यावरून पट्टी मधे खुपसलेली आहे की वरून चढवलेली, याचाही अंदाज येतो: खुपसलेल्या पट्टीची रेघ गालांवर धारेजवळ येऊन संपते आणि कडेवरून बघितलं तर पोलाद दोन लोखंडी पदरांत दाबलेलं दिसतं, चढवलेल्या पट्टीत पोलादच बाहेरून असतं.

तिसऱ्या फोटोत नेढ्याच्या बाजूला गंज खाल्लेला भाग चिरलेल्या लाकडासारखा दिसतो, लांब लांब तंतूंचा. ती कुऱ्हाडीची दुर्दशा नाही, तिचा जन्मदाखला आहे. जुन्या घडीव लोखंडात धातुमळीच्या, म्हणजे लोखंड काढताना राहिलेल्या मळाच्या, बारीक रेषा राहत, आणि घण पडत गेला की त्या लांबत जात. गंज आधी त्या रेषांच्या कडेने आत शिरतो, म्हणून असं तंतुमय रूप येतं. आधुनिक पोलाद गंजलं तर खड्डे पडतात, असे तंतू सुटत नाहीत. स्वस्त पोलादाचा रस्ता 1856 मध्ये इंग्रज संशोधक हेन्री बेसेमरच्या पद्धतीने खुला झाला आणि पुढच्या काही दशकांत घडीव लोखंड बाजूला पडत गेलं. त्यामुळे थेंबाचं नेढं, धारेची वेगळी पट्टी आणि तंतुमय अंग हे तिन्ही एकत्र आले, की ही विसाव्या शतकाच्या मध्यावरची कारखान्यातली कुऱ्हाड असण्याची शक्यता फारच कमी होते. एकोणिसावं शतक किंवा त्याच्या अलीकडचं-पलीकडचं काही, लोहाराच्या हातचं, असं मी म्हणेन. याहून बारीक सांगणार नाही. लोहार भंगारातलं जुनं लोखंडही वापरतो आणि बापाची पद्धत मुलगा पुढे चालवतो, त्यामुळे लोखंडाचं वय आणि कुऱ्हाडीचं वय यांत दोन पिढ्यांचा फरक सहज पडू शकतो.

शिक्का असेल तर हे सगळं अनुमान एका क्षणात मागे पडेल. डाव्या गालावर जो खळगा तुम्हाला ‘अक्षरासारखा’ वाटला तो मला फोटोत गंजाचा खड्डाच वाटतो, पण खात्रीसाठी खोली अंधारी करा, टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू गोल फिरवा. उथळ ठसे सावलीत उठतात. घासू नका, खरवडू नका. कारखान्यांचे शिक्के खूप बोलके असतात. उदाहरणार्थ, 1826 मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटला सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीचा मुकुट, हात आणि हातोड्याचा शिक्का जगभर गेला, आणि नकला इतक्या झाल्या की कंपनीला ‘लेजिटिमस’, म्हणजे अस्सल, असा शब्द त्यावर घालावा लागला. बाणाचं रुंद टोक कोरलेलं असेल तर तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा शिक्का, आणि त्याच्याशेजारी बऱ्याचदा साल असतं. देशाचं नावही कामाला येतं: ‘मेड इन जर्मनी’ लिहिण्याची सक्ती ब्रिटनच्या 1887 च्या कायद्याने आली, तर अमेरिकेत परदेशी मालावर देशाचं नाव घालणं 1890 च्या जकात कायद्याने भाग पडलं. नुसता आकडा दिसला, समजा साडेतीन, तर ते वजन असू शकतं, पौंडांत. साडेतीन पौंड म्हणजे जवळजवळ 1 किलो 590 ग्रॅम. आजचं वजन त्यातून वजा केलं की त्या कुऱ्हाडीने आयुष्यभरात किती धार दगडावर सोडली आणि किती मातीला दिली, ते ग्रॅममध्ये हाती येतं. मला हे गणित फार आवडतं. तुमच्याकडे आकडा नाही म्हणून जरा हळहळलो.

शिक्का नाही म्हणजे जुनी, असं मात्र समजू नका. कित्येक कारखाने कागदी लेबल चिकटवत, आणि ते पहिल्या पावसाळ्यातच जाई.

ती कशासाठी होती? धार दोन्ही बाजूंनी सारखी उतरलेली आहे, म्हणजे तुळया सपाट तासायची रुंद कुऱ्हाड नव्हे. तिची एक बाजू छिन्नीसारखी सपाट असते आणि दांडाही बाजूला झुकवलेला असतो. वजन फक्त ओंडके फोडायच्या अवजड कुऱ्हाडीइतकं नाही आणि हातकुऱ्हाडीपेक्षा जास्त आहे. म्हणजे सगळ्या कामांची. तोडायची, फांद्या छाटायची, पाचर ठोकायची. माथा पसरलाय तो या शेवटच्या कामामुळे. दुमडून केलेल्या कुऱ्हाडीचा माथा म्हणजे नुसता पट्टीचा घडीचा भाग, मऊ लोखंड. त्याने हातोड्याचं काम करू नये असं कोणीही सांगेल आणि प्रत्येक जण ते करतोच. धारेचा वरचा कोपरा खालच्यापेक्षा जास्त गोल झालाय तेही बघा. जमिनीवर लाकूड ठेवून फोडलं की घाव चुकल्यावर आधी तोच कोपरा माती-दगडाला लागतो. मालक घाईत असायचा, किंवा त्याच्याकडे खाली ठेवायला ठोकळा नव्हता.

वाचकांपैकी कोणाला हिरवट पातं मिळालं, तर गोष्ट वेगळी, म्हणून दोन ओळी. चुंबक लावून बघावं. लोखंड ओढतं, तांबं आणि कांसं ओढत नाही. हिरवा थर, चुंबक थंड, आणि नेढ्याऐवजी मागे खोबण किंवा बाजूंना उचललेल्या कडा असतील, तर ते ताम्रयुगातलं किंवा कांस्ययुगातलं असू शकतं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी दांडा आरपार घालत नसत, बांधत किंवा खोबणीत बसवत. युरोपातल्या आल्प्स पर्वतात 1991 साली बर्फात गोठलेल्या ओत्झी नावाच्या प्राचीन माणसाचं शव सापडलं, त्याच्याकडे अशीच कुऱ्हाड होती, जवळजवळ शुद्ध तांब्याचं साडेनऊ सेंटिमीटरचं पातं, यू झाडाचा दांडा, भूर्जाचं डांबर आणि चामड्याची पट्टी. पाच हजारांहून जास्त वर्षांची, आणि दांड्यासकट. असलं काही निघालं तर खणणं थांबवायचं, वस्तू जागची हलवायची नाही आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवायचं. जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, काही ठिकाणी न कळवणं गुन्हाच आहे. तुमचीही कुऱ्हाड एकदा संग्रहालयात दाखवून या. ते ठेवून घेणार नाहीत बहुधा, पण त्या भागातल्या लोहारकामाचे नमुने त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलेले असतात.

आता साफसफाई. मऊ ब्रशने सुटी माती झटका, एवढंच. पाण्याने धुवायचीच असेल तर क्षार नसलेलं शुद्ध पाणी आणि लगेच पूर्ण वाळवणं. मग सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जमिनीतून निघालेलं लोखंड हवेत आल्यावर जास्त वेगाने बिघडतं, कारण आत मुरलेले क्षार ओल धरून बसतात. काही आठवड्यांत पृष्ठभागावर तपकिरी घामाचे थेंब आले किंवा खपल्या उडायला लागल्या तर ते काम घरचं नाही, जतन करणाऱ्या तज्ज्ञाचं आहे.

दिरांना अगदीच वापरायची असेल, तर संग्रहालयाने ‘साधी आहे’ म्हटल्यावर आणि फोटो-मापं नोंदवून झाल्यावर बघू. तेव्हाही ग्राइंडर नाही. ती पोलादी पट्टी पातळ आहे, धार तापून निळी पडली की साधारण तीनशे अंशांच्या आसपास तिचं पाणी उतरलेलं असतं आणि परत धार धरत नाही. हाताने कानस आणि दगड. आणि दुमडीचा जोड नेढ्यापाशी सुटलेला दिसला तर दांडा घालूच नका. घावाबरोबर पातं सुटून उडालं तर ते कोणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही.

एक गोष्ट मी शेवटपर्यंत राखून ठेवली होती. तुमच्या रेघेपासून धारेपर्यंत अजून दोन बोटं पोलाद आहे. झिजून संपलेल्या कुऱ्हाडीत ते बोटभरही उरत नाही, आणि तेव्हाही लोहार नवी पट्टी घालून देतो. इतकं पोलाद शिल्लक असलेली कुऱ्हाड सहसा कोणी टाकत नाही. मग ती हरवली का? दांड्यासकट झाडीत राहून गेली, का पातं निसटून पडलं आणि सापडलं नाही? ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतो आपण, पण जमिनीत हिशेब उलटा होतो. दांडा कुजतो खरा, पण लोखंडाला चिकटलेल्या भागात गंज झिरपत जातो आणि लाकडाच्या जागी लाकडाचाच तंतोतंत साचा बनून बसतो. नेढ्याच्या आतल्या भिंतीवर तपकिरी, रेषारेषांचा कडक पापुद्रा राहिला असेल तर तो दांडा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या झाडाचा तेही कधी कधी ओळखता येतं. ती कुऱ्हाड दांड्यासकट पडली होती की नाही, याचं उत्तर त्याच एका जागी असतं.

तेव्हा नेढ्याच्या भिंती आधी बघा, आणि भाच्याला विचारा, स्क्रूड्रायव्हरने काढलेली ती माती त्याने कुठे टाकली.